"वर थंडी म्हणून झाडं कमी": इतकं सरळ असतं तर काय पाहिजे होतं

एक पोस्ट फिरतेय सध्या, बऱ्याच जणांच्या ग्रुपवर आली असेल. म्हणणं असं की डोंगरात जितकं वर जाल तितकी थंडी आणि तितक्या वनस्पती कमी, सूचिपर्णी जंगलात तर पाइन-फर सोडून काही नसतंच, म्हणून तापमान वाढलं की खालच्या वनस्पती वर सरकतील आणि जंगल उलट भरगच्च होईल. म्हणजे काळजी सोडा, फायदाच आहे!

"वर जाल तशी विविधता घटते". अर्धवट खरं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी पारा उतरतो हे मान्य, पण प्रजाती त्याच हिशोबाने उतरत नाहीत. नेपाळच्या हिमालयात सगळ्यात जास्त प्रजाती सापडतात त्या पायथ्याशी नाही, १५०० ते २५०० मीटरच्या आसपास. खाली उन्हाने ओल टिकत नाही, फार वर वाढीचा मोसमच आखूड, मधल्या पट्ट्यात दोन्हींचं बऱ्यापैकी जमतं.

आणि नुसती उंची धरून बसलात तर घोळ होणारच. पश्चिम हिमालयात एकाच डोंगरधारेच्या दोन बाजू बघा, उंची तीच, पाऊसही जवळपास तोच. दक्षिणेकडच्या उतारावर ऊन थेट पडतं, बर्फ लवकर वितळतो, जमीन कोरडी पडते, मग गवत आणि मधेमधे पाइन. पलीकडे उत्तर उतारावर फर आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची दाट सावली, बर्फ उशिरापर्यंत टिकून, खाली नेचे, खोडांवर शेवाळ, फांद्यांवर दगडफूल. दहा मिनिटं चालून धार ओलांडली की जंगलच बदलतं. तिथे थर्मामीटरपेक्षा जमिनीत पाणी किती दिवस राहतं हे जास्त बोलतं. बर्फाचंही तेच, तो फक्त गारठवत नाही, जाड थर असला तर खालची माती शून्याच्या आसपासच राहते, बर्फ कमी पडला की उलट मुळं गोठतात.

"पाइन-फर सोडून काही नाही". मान वर करून बघितलं तर वाटेल तसं. खाली वाका ना जरा! मोठी झाडं मोजक्या जातींची असतात, विविधता जमिनीलगत असते. दाटीने लावलेल्या कोवळ्या स्प्रूसखाली मात्र खरंच सुयांचा थर सोडून फारसं काही दिसत नाही, पण तो अंधाराचा परिणाम, हवामानाच्या नावावर कशाला खपवायचा?

आता मुख्य दावा, "सगळं वर सरकेल". हा बहुतेक पश्चिम युरोपातल्या अभ्यासावरून उचललाय, तिथे जंगलातल्या १७१ प्रजाती दशकाला सरासरी २९ मीटर वर गेल्याचं दिसलं. अभ्यास चांगलाच आहे. पण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत १९३० च्या दशकातल्या नोंदी नव्या नोंदींशी ताडल्या तेव्हा ६४ प्रजाती सरासरी ८० मीटरच्या आसपास चक्क खाली आलेल्या निघाल्या, कारण तापमान वाढलं तरी मधल्या काळात पाऊसपाणीही वाढलं होतं आणि झाडं पाण्यामागे गेली.

"भरगच्च होईल" म्हणता? अमेरिकेतल्या ओरेगनच्या सिस्कियू डोंगरात रॉबर्ट व्हिटेकर या वनस्पती-अभ्यासकाने १९४९ ते ५१ मध्ये वनस्पती मोजून ठेवल्या होत्या. साठेक वर्षांनी त्याच भागात पुन्हा मोजल्या, तोवर तापमान सुमारे २ अंशांनी वाढलेलं, आणि जंगलतळाच्या लहान वनस्पतींत मूळच्या उत्तरेकडच्या, थंड प्रदेशातल्या जातींचा वाटा घटलेला, एकूण तळ उष्ण कोरड्या उतारांसारखा दिसायला लागलेला. आणि कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात दहा कोटींहून जास्त झाडं वाळली, बरीचशी तिथल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतली पाइन-फर, पाण्याविना खंगलेल्या पाइनना खोडकिड्यांनी संपवलं. ती "वर सरकली" या रकान्यात कशी बसवायची ते पोस्टवाल्याने सांगावं.