सांत्वन, दुष्काळ आणि केडगाव

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कोणाच्या घरी मृत्यू झाला की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "देवाची इच्छा." ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याच्या घरातले माणूस नुकतेच गेले आहे, त्याला त्या वाक्याने धीर येतो यापेक्षा बोलणाऱ्याची सुटका होते, असे माझे स्पष्ट मत आहे. येशूचा प्रेषित पौल याने करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच देवाला सर्व सांत्वनाचा देव म्हटले आहे आणि लगेच हेतूही सांगितला आहे: तो आपल्या संकटांत आपले सांत्वन करतो ते यासाठी की, तेच सांत्वन घेऊन आपण दुसऱ्या संकटग्रस्तांकडे जावे. संकट का आले, याचे स्पष्टीकरण तेथे नाही. उलट आशिया प्रांतात आपल्यावर एवढा भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती, हे पौल पुढच्याच काही ओळींत मोकळेपणाने लिहितो.

हे वचन महाराष्ट्रात कोणी प्रत्यक्ष जगून दाखवले असेल, तर ते पंडिता रमाबाईंनी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे, त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेणारे विद्वान. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरत असे. 1870च्या दशकातील दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागोमाग गेली. उरलेली दोन भावंडे उपाशीपोटी चालत उत्तरेकडे निघाली आणि 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले खरे, पण 1880 साली भाऊ श्रीनिवास गेला, आणि 1882 साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

रमाबाईंना सांत्वन मिळाले ते कोणत्या रूपात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. इंग्लंडमध्ये असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी चालवीत असलेले काम पाहायला मिळाले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागवले जात होते. असे का करता, या प्रश्नाच्या उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची, म्हणजे लोकांनी हलके लेखलेल्या एका बाईशी येशू आपणहून बोलला ती शुभवर्तमानातली गोष्ट सांगण्यात आली. म्हणजे काम आधी दिसले आणि वचन मागून आले. आपण मात्र बहुधा उलट करतो.

मग 1896-97चा दुष्काळ आला. रमाबाईंची शाळा, शारदा सदन, तेव्हा पुण्यात होती आणि घरी बसून प्रार्थना करायला त्यांना कोणी अडवले नसते. पण स्वतःच्या उपासमारीच्या आठवणी त्यांना स्वस्थ बसू देईनात, आणि त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवांना घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात ठेवण्याची सोय राहिली नाही, म्हणून त्यांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या शेतावर नेले. निराधार स्त्रियांचा आश्रय असलेले मुक्ती मिशन उभे राहिले ते असे. 1900च्या दुष्काळानंतर तेथील संख्या 2000च्या घरात गेली. एवढ्या पोटांसाठी रोजचे दळण, पाणी, कपडे, उवा, खरूज, तापाची आजारपणे हे सगळे आलेच. चरित्रांमध्ये याला सेवा असा एक शब्द असतो, आणि तो फारच आटोपशीर आहे.

मोठ्या संस्थेविषयी न बोलता घरातलेच सांगते. माझे यजमान गेले त्या आठवड्यात मंडळीतल्या एक बाई रोज येत. त्या स्वतः पुष्कळ वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. त्यांनी माझ्यापुढे एकही वचन वाचले नाही. त्या चहा टाकत, आलेल्यांचे कप विसळून ठेवत, आणि एके दिवशी फाइल घेऊन बसल्या व म्हणाल्या, "अगं, मृत्यूच्या दाखल्याच्या जास्त प्रती काढून ठेव. बँक वेगळी मागते, विमावाले वेगळी, पेन्शनला आणखी वेगळी. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, सारख्या चकरा मारल्या मी नगरपालिकेत." त्या दिवशी मला पहिल्यांदा झोप लागली. त्यांच्या त्या चकरा माझ्यासाठी देवाचे सांत्वन ठरल्या, असे म्हणताना मला यत्किंचितही अतिशयोक्ती वाटत नाही.

ही काही केवळ आम्हा ख्रिस्ती लोकांची मिरासदारी नव्हे. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मूल गमावलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. पांडुरंगाने त्यांना दिलेला धीर कुळांच्या घरी कर्जमुक्ती होऊन पोहोचला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळणे बरे नव्हे: मदतीच्या आडून धर्मांतर. शारदा सदनाबाबत हा वाद इतका पेटला की 1893 साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. रमाबाईंचे सगळेच निर्णय मला पटतात असे नाही. माझ्यापुरते सांगायचे तर, सांत्वनाला अट जोडली की त्याचा सौदा होतो. पण कोणी विचारले की तुम्हाला एवढे बळ कोठून मिळाले, तर प्रभूचे नाव सांगायला मी संकोचणारही नाही.

दुसरा आक्षेप आमच्यातलाच आहे. "माझ्यावर तसा प्रसंग आला नाही, मी काय समजूत घालणार?" असे म्हणून कितीतरी जण दारापर्यंत येऊन परत जातात. पौल 'तशाच संकटात' असे म्हणत नाही, 'कोणत्याही संकटात' असे म्हणतो. रमाबाईंना ऐकू कमी येत असे, पण डोळे शाबूत होते. तरीही मुक्तीत अंध मुलींसाठी जागा होती, आणि त्यांना शिकवता यावे म्हणून मनोरमा ब्रेल शिकली.