चांगलं चाललेलं ॲप बिघडवायचं कसं? होतकरूंसाठी मार्गदर्शन

अभिनंदन! तुमच्या हातात एक चालतं ॲप आलंय. लोक ते उघडतात, काम उरकतात, बंद करतात आणि तुम्हाला विसरून जातात. हे काही बरं लक्षण नाही. वापरणाऱ्याला तुमची आठवणच आली नाही तर सोमवारच्या मीटिंगमध्ये तुमच्या टीमने दाखवायचं काय? तेव्हा पुढचं नीट वाचा. यातलं माझ्या डोक्यातून काही आलेलं नाही, बरंचसं मोठमोठ्या कंपन्यांनी करून दाखवलंय, आणि उरलेलं मी परवा शिकलो जेव्हा ज्या नोट्सच्या ॲपवर मी वर्षानुवर्षं विसंबून होतो त्याने रात्रीतून स्वतःचा कायापालट करून घेतला. नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, तुमच्याही फोनमध्ये असं एखादं असेलच.

तर सुरुवात अपडेटपासून. अपडेट कायम रात्री, माणूस झोपलेला असताना आणि न विचारता. काय बदललं ते सांगायच्या जागी लिहायचं, "काही त्रुटी दूर केल्या, वेग सुधारला." ॲप डोक्यापासून पायापर्यंत बदललं तरी हेच वाक्य. वेग सुधारला असं लिहिलं म्हणून तो सुधारलाच पाहिजे अशी कोणाची अपेक्षा नसते, घाबरू नका.

मग सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण शोधा. आकडे तुमच्याकडे असतातच, कोण किती वाजता कुठे बोट ठेवतो हे तुम्हाला त्याच्या घरच्यांपेक्षा जास्त माहिती. सापडलं? हलवा. माणसाचा अंगठा डोळ्यांना न विचारता जिथे जातो तिथे दुसरं काहीतरी ठेवा. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटणच उडवलं होतं, १९९५ पासून खालच्या डाव्या कोपऱ्यात निवांत बसलेलं बटण. भलेभले लोक कॉम्प्युटर बंद कुठून करायचा ते हुडकत बसले. बोंबाबोंब झाली, पुढच्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की जुना मेन्यू नाहीच, तीच चौकटी-चौकटींची नवी स्क्रीन! मेन्यूसाठी २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं. यातली खुबी लक्षात घ्या. लोकांनी मागितलेली वस्तू परत द्यायची, फक्त आतून रिकामी करून.

काही काढून टाकायचं असेल तर त्याला धैर्य म्हणा. २०१६ मध्ये आयफोन ७ चा हेडफोन जॅक काढला तेव्हा ॲपलच्या फिल शिलर यांनी स्टेजवरून तेच कारण दिलं होतं. आम्हाला काही धैर्य लागलं नाही, जुना हेडफोन जोडायला डाँगल लागला.

"आमचं ॲप आवडतंय का?" हे माणूस घाईघाईत काहीतरी टाइप करत असतानाच विचारा.

आता मुख्य विषयाकडे येऊ. एआय. तुमच्या ॲपमध्ये अजून ते चमचमत्या चांदण्यांचं बटण नसेल तर तुम्ही कुठल्या युगात राहता? हिशोबाच्या ॲपला चांदण्या, हवामानाच्या ॲपला चांदण्या, पीडीएफ उघडली की चांदण्या, मेलमध्ये दोन ओळींचा निरोप आला की त्याच्या डोक्यावर "सारांश पाहा" आणि तो सारांश तीन ओळींचा. माझ्या नोट्सच्या ॲपमध्ये अधिकचं चिन्ह होतं, ते दाबलं की कोरी नोट उघडायची, संपला विषय. त्याच जागी आता चांदण्या आहेत. मी सवयीने दाबलं, एक फोन नंबर लिहून ठेवायचा होता, समोरचा माणूस नंबर सांगत होता आणि माझी स्क्रीन मला विचारत होती "आज आपण काय घडवूया?" अरे बाबा, काही नाही घडवायचंय, दहा आकडे लिहायचेत! बंद करायची फुली शोधली, ती इतकी बारीक आणि फिकट की ती आहे असं आधी माहीत असलं तरच दिसावी. कसाबसा नंबर लिहिला तर खाली पर्याय आले, हा मजकूर अधिक व्यावसायिक करू का, अधिक आपुलकीचा करू का. फोन नंबर! अधिक आपुलकीचा!

आणि हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. ऑफिस ९७ मध्ये ती डोळे मिचकावणारी क्लिप होती, क्लिपी, आठवत असेल. पत्र लिहायला घेतलं की टकटक करून "पत्र लिहिताय वाटतं, मदत करू?" लोक इतके वैतागले की २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये ती मुळातच बंद करून दिली आणि क्लिपी आता बेकार झाली म्हणून मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहिरातीत तिची टिंगल केली. २००७ मध्ये ती पूर्ण गेली. म्हणजे न विचारता मध्ये तोंड घालणारा मदतनीस कोणालाच नको असतो, एवढं कळायला तेव्हा दहा वर्षं लागली आणि विसरायला जेमतेम पंधरा. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने कीबोर्डवर कोपायलटचं, म्हणजे त्यांच्या एआय मदतनिसाचं, स्वतंत्र बटण आणलं, जवळपास तीस वर्षांनी कीबोर्डात केलेला मोठा बदल म्हणून कौतुकाने, आणि बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी बळी गेला उजव्या कंट्रोल बटणाचा. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने सर्चच्या डोक्यावर एआयची उत्तरं बसवली आणि त्याने एकाला पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळायला सांगितलं. कुठून आणलं हे ज्ञान? रेडिट नावाच्या गप्पांच्या साइटवर कोणीतरी वर्षांपूर्वी केलेल्या विनोदातून. त्या उत्तराच्या खाली नेहमीच्या निळ्या लिंका होत्या की, त्यात तरी लिहिणारा कोण ते दिसतं, थट्टा आहे हे कळतं.

बरं, मला एआयचा राग नाहीये, गैरसमज नको. कोडमधली चूक शोधायला, भल्यामोठ्या कागदपत्रातून कामाची ओळ काढायला मी स्वतः वापरतो, जातो तिथे, उघडतो, विचारतो. राग याचा आहे की मी जिथे जात नाही तिथे ते माझी वाट अडवून उभं आहे.

असो. मार्गदर्शन चालू ठेवू.

तर पुढचा धडा, नकार. वापरणाऱ्याला नकार देता येता कामा नये. बटणं दोनच ठेवा, "चालू करा" आणि "आत्ता नाही". "आत्ता नाही" म्हटलं की परवा परत विचारायचं. तीन दिवसांनी परत. कधीतरी माणूस बेसावध असेल, अंगठा चुकेल, आणि तो सापडला की तिमाही अहवालात लिहायचं, नवीन सुविधेला उदंड प्रतिसाद. सोडून जाणाऱ्यासाठी तर वाटच लांबवायची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला, त्यात बाहेर आलं की प्राइम रद्द करायच्या प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत नाव होतं इलियड. होय, ट्रॉयच्या युद्धावरचं ते लांबलचक ग्रीक महाकाव्य. चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. सामील व्हायला मात्र एकदोन क्लिक. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. महाग पडलं म्हणता? आधी किती कमावले असतील त्याचा हिशोब करून मग बोला.

आणि हे दोन्ही धडे एकत्र कसे करायचे ते बघायचं तर ऑस्ट्रेलियाकडे बघा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये, म्हणजे वर्गणीवर मिळणाऱ्या ऑफिसमध्ये, कोपायलट घुसवला आणि पर्सनल प्लॅनची वर्षाची फी ४५ टक्क्यांनी वाढवली. एआय नसलेला जुन्या दराचा प्लॅन होता का? होता ना! पण तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टात जे मांडलं त्यानुसार तो दिसायचा कधी, तर तुम्ही सबस्क्रिप्शन रद्द करायला निघालात आणि अर्ध्या वाटेवर पोचलात की. पुढे कंपनीने माफी मागितली, पैसे परत द्यायची तयारी दाखवली. आधी घ्या, पकडले गेलात तर माफी, हा क्रम पाठ करून ठेवा.

एकदा विकत घेतलेली वस्तू दर महिन्याला परत विका. ॲडोबीने २०१३ मध्ये रस्ता दाखवला, फोटोशॉप घ्यायचं नाही, भाड्याने राहायचं. बीएमडब्ल्यूने तर गाडीत आधीच बसवलेल्या सीटच्या हीटरला काही देशांत महिन्याचं भाडं लावून पाहिलं होतं, २०२३ मध्ये नाद सोडला. मी माझ्या नोट्सच्या ॲपचा "लाइफटाइम" प्लॅन घेतला होता, एकदाच पैसे, आयुष्यभर चिंता नाही. अपडेटनंतर कळलं की आयुष्य माझं नव्हे, प्लॅनचं धरायचं होतं. तो प्लॅन आता "क्लासिक" झालाय आणि क्लासिकवाल्यांना सिंक नाही. सिंक गेलं म्हणजे लॅपटॉपवरच्या नोट्स लॅपटॉपवर, फोनवरच्या फोनवर, मग उरलं काय? मदतीला चॅटबॉट आहे. त्याला माझी अडचण "पूर्णपणे समजते". दर वेळी पूर्णपणे समजते आणि दर वेळी तो मला प्रीमियमचंच पान देतो.

जुनं ॲप वाचवून ठेवू नका. सोनोसने मे २०२४ मध्ये त्यांच्या स्पीकरचं ॲप नव्याने लिहून काढलं, तेव्हा अलार्म आणि स्लीप टायमर यांसारख्या रोजच्या गोष्टी त्यात नव्हत्याच. हजारो रुपयांचे स्पीकर घरात धडधाकट आणि ते चालवणारं ॲप लंगडं. लोक म्हणाले, राहू दे, जुनंच द्या. कंपनीने विचार केला आणि ऑगस्टमध्ये सांगितलं की आता जुनं परत आणलं तर गोंधळ आणखी वाढेल, कारण मागची यंत्रणाही बदलून झालीये. जानेवारी २०२५ मध्ये सीईओंना जावं लागलं. म्हणजे परतीचा पूल जाळताना स्वतः कुठल्या काठावर उभे आहोत एवढं बघा.

फोरमवर कोणी तक्रार केली तर "तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" लिहून धागा बंद करा.

आणि शेवटचं. एक्स्पोर्ट, म्हणजे आपलं लिहिलेलं ॲपमधून बाहेर काढून न्यायची सोय. ते काढून टाका. किंवा काढू नका, सेटिंगमध्ये ठेवा, दाबलं की कुलूप दाखवा आणि म्हणा की ही सुविधा प्रीमियम सदस्यांसाठी

नाही, आता मला हे असं लिहिता येत नाहीये.

नोट्स माझ्या आहेत. मी टाइप केल्यात, माझ्या अंगठ्याने, तुमच्या कुठल्याही चांदणीने नाही. त्यात औषधांची नावं आहेत, गेलेल्या माणसाने फोनवर सांगितलेला पत्ता आहे, अर्धवट कविता आहेत ज्या कोणी वाचू नयेत. त्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढून द्यायला काय लागतं हो? नोट्सचं ॲप बनवणाऱ्याला एका दुपारचंही काम नाही ते! तुम्ही ते जमत नाही म्हणून नाही, मी अडकून पडावा म्हणून करत नाही. आणि वर मला "तुमच्या विचारांचा सोबती" म्हणून मेल पाठवता. सोबती दाराला कुलूप लावतो का?

कोणीच म्हणत नाही की काही बदलू नका. बदला की! पण आधी विचारा. बटण हलवायचंय तर हलवा, जुनी मांडणी ठेवायची सोय द्या. एआय आणायचंय, आणा, एक स्विच द्या, आणि तो बंद केला की बंद राहू द्या, पुढच्या अपडेटला आपोआप परत चालू झालेला दिसला की समजतं तुम्ही आम्हाला काय समजता ते. ज्याच्याकडून पैसे घेतलेत त्याला जे कबूल केलंत ते द्या, नसेल परवडत तर सरळ सांगा की आमचा हिशोब चुकला, लोक समजून घेतात, आजवर घेतलंय. पण हे असं "अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी" वगैरे म्हणत खिशात हात घालायचा, याची थोडी तरी लाज वाटू द्या. मीटिंगमध्ये कोणी एकाने तरी हात वर करून म्हणायला हवं होतं ना, की हे बटण लोक दिवसातून कितीदा दाबतात, हे कशाला हलवताय? एकानेही म्हटलं नाही? की म्हटलं आणि त्यालाही "आत्ता नाही" सांगितलंत?

सध्या मी एकेक नोट उघडून कॉपी करून साध्या फाइलमध्ये चिकटवतोय. प्रत्येक नोटला "सारांश करू का" विचारलं जातंय. नको. मदत नकोय, सारांश नकोय, सोबती नकोय, त्या फुकट ट्रायलचा तो मेल तर अजिबात नकोय. माझं लिहिलेलं मला द्या आणि बाजूला व्हा.