गेलेला माणूस त्याच वाटेनं परत यायलाच हवा का?

एकेरी विमान तिकीट जाऊन-येऊन तिकिटापेक्षा महाग का असतं, हे मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगा. मी अर्धाच प्रवास करणार, ते गारढोण जेवण अर्ध्या वेळाच गिळणार, आणि पैसे मात्र जास्त मोजणार? मुंबई ते बार्सिलोना. नुसतं जायचंय. ‘वन-वे’वर टिचकी मारली की आकडा टुणकन वर. तेच ‘राउंड ट्रिप’ करून परतीची कुठलीही तारीख ठोकून दिली की खाली! स्वस्तातल्या कंपन्या प्रत्येक खेपेचे वेगळे पैसे लावतात, मान्य. पण इथून युरोपला दोन बॅगा घेऊन जाताना गाठ पडते ती मोठ्या कंपन्यांशीच.

आमचा बेत तसा साधा आहे. भूमध्य समुद्रात उन्हाळाभर फिरणारी मोठाली जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅरिबियनकडे सरकतात. त्यांना तिकडे जायचंच असतं, रिकामं जाण्यापेक्षा माणसं भरून न्यावीत म्हणून केबिन स्वस्तात देतात. बार्सिलोनाहून निघायचं, मायामीला उतरायचं. मधे आठवडाभर नुसतं पाणी. पश्चिमेकडे जाताना घड्याळ अधूनमधून रात्री तासभर मागे करतात, म्हणजे झोपायला जास्तीचा तास फुकट. लेक न्यू जर्सीत आहे, अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टात पडून आहे. मायामीहून तिच्याकडे, मग तिथल्याच नेवार्क विमानतळावरून मुंबई. नाहीतरी तिच्याकडे जायचंच होतं, फक्त वाट वाकडी. बस, एवढंच.

पण जगातल्या प्रत्येक फॉर्मला, प्रत्येक काउंटरला आणि प्रत्येक एजंटला एकच माणूस माहीत आहे: जो विमानानं जातो आणि त्याच गावाहून विमानानं परत येतो.

आमचा एजंट म्हणतो, “काका, रिटर्नच काढा ना. येतानाचं वापरू नका. कोण विचारतंय?” अरे बाबा, विमान कंपनीच्या अटींत तसं करायला मनाई असते, ती तू मला सांगायला हवीस की मी तुला? मग मीच त्याला ‘मल्टी-सिटी’चा पर्याय दाखवला. जाताना मुंबई-बार्सिलोना, येताना नेवार्क-मुंबई, एकाच तिकिटावर. भाव बरा निघाला. तर हा स्क्रीनकडे बघून म्हणतो, “पण मधला तुकडा मिसिंग आहे.” मिसिंग नाही रे, त्या तुकड्यावर अटलांटिक महासागर आहे!

आता व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासूनच करता येतो, त्याआधी नाही. जहाजाचं बुकिंग मात्र वर्षभर आधी केलं तर भाव बरा, आणि उरलेले सगळे पैसे निघायच्या तीनेक महिने आधी भरून मोकळं व्हायचं. म्हणजे व्हिसाची अपॉइंटमेंट लांबली की पैसे भरायचे आणि देवाला नारळ बोलायचा. वर सल्ला असा की व्हिसा हातात पडेपर्यंत पक्कं तिकीट काढू नका. पण फाइलमध्ये प्रवासाचं रिझर्वेशन हवंच! काउंटरवरच्या मुलीनं आमचे कागद दोनदा उलटेपालटे केले. “सर, स्पेनमधून बाहेर पडायचं तिकीट?” हे काय, जहाजाचं. “नाही सर, फ्लाइटचं.” जहाज काय आम्हाला फिरवून परत बार्सिलोनालाच आणून सोडणार आहे का?

त्यात जहाज मधे टँजिअरला थांबतं. टँजिअर मोरोक्कोत. म्हणजे शेंगेनमधून बाहेर. मग पुढे टेनेरिफ बेट, ते पुन्हा स्पेन. हातात सिंगल एंट्रीचा, म्हणजे एकदाच आत शिरता येणारा, व्हिसा टेकवला तर तो टँजिअरलाच संपला. मल्टिपल एंट्री का हवी, हे मी तिला नकाशा काढून दाखवलं. ती म्हणाली, “कव्हर लेटरमध्ये लिहा.”

विम्याची वेगळीच तऱ्हा. शेंगेनसाठी किमान तीस हजार युरोचं कव्हर लागतं, ते मिळतं. पण अमेरिका धरून घेतलं की हप्ता भडकतो, न धरता घेतलं तर मायामीत पाय घसरायची सोय नाही. जहाजावरच्या डॉक्टरची फी डॉलरमध्ये, हे सगळे शेवटी हळूच सांगतात.

आणि ती जहाज कंपनी! जाहिरातीतला भाव ‘माणशी’, तोही एका केबिनमध्ये दोघं धरून. त्यावर बंदराचे कर, त्यावर रोजची माणशी टिप. वादळामुळे एखादं बंदर गाळलं तर ते अटींत बसतं, भरपाई मागायची नाही. आपलं विमान उशिरा आलं तर मात्र जहाज थांबत नाही. म्हणून एक दिवस आधी पोचा, हॉटेलचं भाडं भरा. इस्त्री आणि किटली न्यायची नाही, आगीची भीती. बायको म्हणाली, मग चहाचं काय? तिचा तेवढा एकच मुद्दा आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत योग्य तोच आहे.

मेव्हण्यांनी विचारलं, “एवढी यातायात कशाला? सरळ विमानानं जा की लेकीकडे.” एजंटनंही काल तेच सुचवलं, वर दुबईच्या सात दिवसांच्या पॅकेजचं पत्रक पाठवलं. जाऊन-येऊन विमान, ब्रेकफास्टसकट.

नाही जाणार दुबईला. कव्हर लेटर लिहायला घेतलंय, तिसरं पान चालू आहे.