वाचू दे, मग सही करते

आज आमच्या वाचनकट्ट्यावर एकीने 'द वुमन इन व्हाइट'मधल्या लॉराला सरळ "बावळट" म्हटलं. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि आता त्याचाच राग येतोय. कुकर लावलाय, तोवर लिहून टाकते.

विल्की कॉलिन्सची ही कादंबरी १८५९-६० सालातली. लॉराचा जीव चित्रकला शिकवणाऱ्या वॉल्टरवर, पण मरणाच्या दारात वडिलांनी पसंत केलेलं स्थळ सर पर्सिव्हल. ही त्याला तोंडावर सांगते की माझं मन दुसरीकडे आहे, लग्न मोडायचं तर तुम्ही मोडा. तो कशाला मोडतोय? मुलीच्या नावावर २०,००० पौंड आहेत!

मग कट्ट्यावर अर्धा तास पर्सिव्हलचा कपटी मित्र काउंट फॉस्को. त्याचे पांढरे उंदीर, त्याचे कॅनरी पक्षी, त्याचं गोड बोलणं. भारी लिहिलाय, मान्य. पण मला खरा खलनायक तो वाटतच नाही. लॉराचा काका, फ्रेडरिक फेअरली, त्याचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

लॉरा अजून २१ची नाही, म्हणून लग्नाआधीच्या मालमत्तेच्या करारावर काकाची संमती लागते. पर्सिव्हलची अट अशी की मूलबाळ नसताना ही आधी गेली तर सगळी रक्कम माझी. म्हातारा वकील गिलमोर गयावया करतो की असं लिहून देऊ नका. आणि काका? खुर्चीत पडलेला. नोकर चित्रांचा गठ्ठा धरून उभा, आणि त्या नोकराला काका 'माणूस' म्हणत नाही, चित्रं ठेवायचा स्टँड म्हणतो. नसा नाजूक आहेत म्हणे, कटकट नको. दिली संमती. बायकोच्या मालमत्तेचा धड कायदा इंग्लंडात १८८२ला आला. तोवर पोरीला आधार होता तो या एका कागदाचा.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमच्या वाड्यात आत्या पाट्यावर पुरण वाटत होती. मोठे काका कागद घेऊन आले. "इथं सही कर गं, वाचायचंय काय त्यात?" तिने पदराला हात पुसला आणि केली. हक्कसोड.

आता ऐका. पर्सिव्हलसुद्धा असाच दस्त घेऊन येतो. घडी घातलेला, सहीची जागा तेवढी उघडी. आणि तुमची ती बावळट लॉरा काय म्हणते? आधी वाचू द्या. तो चिडतो, धमकावतो, तरी सही करत नाही. आम्ही हसलो ती हिला!

बरं, पुढे ती कोमेजते हे खरं. वॉल्टर तर तिची चित्रं विकली जातात असं खोटंच सांगून स्वतःच्या खिशातले पैसे तिच्या हातावर ठेवतो. मलाही ते वाचवत नाही. पण वेड्यांच्या इस्पितळात दुसरीच्या नावाने कोंडून आलेली मुलगी आहे ती, अजून किती कणखर हवी?

आमच्या मोठ्या काकांवर मी आयुष्यभर दात धरला. ते सोपं होतं, आवाज त्यांचा होता. पण त्या दिवशी दाराच्या चौकटीला टेकून माझे बाबाही उभे होते. आत्याचे लाडके धाकटे भाऊ. त्यांना ती विचारणार नव्हतीच, त्यांनीच म्हणायचं होतं, "अक्का, आधी वाच." ते म्हणाले, "चहा टाकतेस का गं?" बाबा वाईट नव्हते. कटकट नको होती त्यांना.

ते गेल्यावर कपाटात तो कागद सापडला. सहीशेजारी पुरणाचा पिवळा डाग अजून आहे. त्या जमिनीतला बाबांचा वाटा आता माझ्या नावावर आहे.

आत्या ८६ वर्षांची आहे. दर रविवारी फोन करते. परवा विचारत होती, "बांधावरचा आंबा धरला का गं यंदा?"

म्हटलं, पाठवते पेटी.