विमा आहे ना, मग कसली काळजी!

गेल्या महिन्यात मिरजेत आण्णांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आण्णा खणखणीत आहेत. मी अजून सावरतोय. तरी चार गोष्टी शिकलो, त्या तुमच्याही कामी याव्यात.

पॉलिसी वाचू नका. एजंट आपल्याच गल्लीतला, गणपतीची वर्गणी मागायला तोच येतो, तो कशाला फसवेल? 'दादा, पाच लाखांचं कव्हर आहे, टेन्शनच नाही' एवढं ऐकून सही ठोका. हप्ता रोखीत द्या. रोख हप्त्याला ८०-डीची, म्हणजे आरोग्यविम्याच्या हप्त्यावरची करवजावट मिळत नाही, पण ते आत्ताच कळलं तर मार्चमध्ये सीएपुढे बसून कशाचं आश्चर्य वाटणार?

सांगलीत पुरात गाडी बुडाली की पाणी ओसरल्या ओसरल्या चावी फिरवून बघा. इंजिनात पाणी असताना सुरू केली म्हणून क्लेम नाकारायला कंपनीला तेवढंच निमित्त.

क्लासची फी करवजावटीच्या ८०-सी मध्ये टाका. बसत नाही, पण टाका.

आणि हॉस्पिटलात खोली चांगली घ्या. आण्णांचं वय ७१, सोबत आईला झोपायला जागा हवी, म्हणून मी रोजची ८,००० ची खोली घेतली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,०००. मला वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. इतकं सोपं असतं होय! कंपनी भाडं आठाला पाच धरते, तर सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळंच आठाला पाच. मोठ्या खोलीत सर्जनही महागतो म्हणे. त्या ९६,००० चे झाले ६०,०००. म्हणजे पित्ताशय पाच अष्टमांशच काढलं का? उरलेलं आण्णांच्या पोटातच आहे का? चार दिवसांच्या भाड्यातले वरचे १२,००० गेलेच, पुढे हातमोजे, मास्क, सिरिंज असले ९,००० 'देय नाही'. हातमोजे न घालता ऑपरेशन करायला सांगायचं राहिलं, माझीच चूक. जे उरलं त्यावर ज्येष्ठ म्हणून २० टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा आपण भरायचा. बिल १,८१,०००, कंपनीचे ९९,२००, माझे ८१,८००. हे कळायला सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत मेडिक्लेमच्या खिडकीसमोर बसलो. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी असा नियम आहे. खिडकीतल्या मुलीला सांगितला, तर म्हणाली, 'सर, मेल केलाय.'

बरं, हे ८१,८०० तरी करातून वजा होतील म्हणून सीएकडे गेलो. ते म्हणाले, ज्येष्ठांच्या औषधोपचाराचा ५०,००० पर्यंतचा खर्च वजा होतो, पण त्यांचा विमा काढलेला नसेल तर. तुम्ही विमा काढलाय. शिवाय तुम्ही नव्या करप्रणालीत आहात, तिथं ८०-डीच नाही. म्हणजे बघा, कंपनीची वजावट न मागता मिळते, सरकारची मागूनही मिळत नाही. शब्द एकच.

मी एजंटला फोन लावला. म्हणाला, 'दादा, कागदात लिहिलंय की.' लिहिलंय, खरंच लिहिलंय. सत्ताविसाव्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, वकिलालाही घाम फुटेल अशा इंग्रजीत. आणि मुखपृष्ठावर सगळं कुटुंब बागेत हसतंय.

अरे, लाजा वाटू द्या जरा! वर्षानुवर्षं हप्ता एक दिवस चुकला नाही माणसाचा. त्या बागेच्या फोटोच्या जागी मोठ्या मराठी अक्षरात दोन ओळी छापायला काय जातं? 'खोली ५,००० ची. वर गेलात तर सगळं बिल कापू.' आण्णांनी तीच खोली नको म्हटलं असतं. पंखा लावून कॉटवर झोपलेले चालले असते त्यांना. घरी आल्यापासून ते दोनदा विचारून झालेत, 'विमा होता ना रं?' आणि मला त्यांना पाच अष्टमांश समजावून सांगता येत नाही.