अंजनेरीला पाहुणे

नाशिकला घर असणं म्हणजे वर्षभर गाइडची बिनपगारी नोकरी. पंचवटी, त्र्यंबकेश्वर, सोमेश्वर उरकलं की पाहुण्यांना "काहीतरी वेगळं" हवं असतं. या खेपेला आत्या आणि काकांना किल्ला आणि म्युझियम एकाच दिवसात हवं होतं. "नातवंडांना इतिहास कळला पाहिजे," काका म्हणाले. नातवंडं मोबाइलमध्ये होती.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीत दोन्हीची सोय आहे. वर गड, पायथ्याच्या गावाकडे नाण्यांचं संग्रहालय. शिवाय हनुमानाचा जन्म इथलाच अशी श्रद्धा, त्यामुळे आत्या गुडघ्यांना पट्टे बांधून तयार. पायऱ्यांवर माकडं दिसताच तिनं भक्तिभावानं हात जोडले. जोडलेल्या हातांतलं चिक्कीचं पाकीट एकानं अलगद सोडवून घेतलं, कठड्यावर बसला आणि 'येथून फाडा' लिहिलेल्या कोपऱ्यातूनच फाडलं. आमच्या घरात हे आजवर कुणालाही जमलेलं नाही.

पठारावर अंजनीमातेचं मंदिर आलं. काका विजयी मुद्रेनं टेकले. तेवढ्यात वरून उतरणारा एक भला माणूस म्हणाला, "अजून तळं आहे, मग दुसरा चढ. दहाच मिनिटं." गडावरून उतरणाऱ्यांची मिनिटं वेगळी असतात, हे सह्याद्रीत फिरणारं पोरही जाणतं. गड समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच आहे आणि त्यातला प्रत्येक फूट काकांनी मला ऐकवला.

"पण तटबंदी कुठाय? तोफ कुठाय?"

तसं इथे फारसं उरलेलं नाही. मी घाईघाईनं राघोबादादा पुढे केले, उन्हाळ्यात ते इथे हवापालटाला येत म्हणून.

"त्यांना पालखी होती," काका म्हणाले आणि बूट काढून बसले. दुसरा चढ बुडाला.

संग्रहालयात मात्र पंखे होते, म्हणून सगळ्यांना इतिहासाची गोडी लागली. नाणेशास्त्राची ही संस्था 1980 सालची. तिथे मला जोगलटेंभीची गोष्ट सांगायची संधी मिळाली. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावात तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी नहपान या क्षत्रप घराण्यातल्या राजाची. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं आणि नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपला छाप मारला. साठ्यातल्या निम्म्याहून जास्त नाण्यांवर तो आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर उमटलेला, पण खालून त्याचं नाक डोकावतंच.

काका जांभई देत होते. आत्या मात्र चष्मा पुसून मन लावून ऐकत होती.

"म्हणजे आहेरात आलेली साडी नवीन पिशवीत घालून पुढे द्यायची, तसंच की!"

त्या दोन राजांवर मी इतकं वाचलंय, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

"फक्त आधीचं नाव नीट पुसायला हवं होतं बाई," ती पुढे म्हणाली. "असं अर्धवट काम बरं दिसत नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या वास्तुशांतीला आत्यानं दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळामागे 'कुलकर्णी परिवाराकडून सप्रेम भेट' असं लिहिलेलं आहे. आम्ही कुलकर्णी नाही. आत्याही नाही.