ऱ्हाइन गोठत नाही, बोटी वेळापत्रकामुळे बंद असतात

डिसेंबरच्या ग्रुप टूरमध्ये जर्मनीतली ऱ्हाइन नदी गोठलेली असते म्हणून बोटफेरी नसते, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मालवाहू जहाजं थंडीतही तिथून ये-जा करतात. बोप्पार्ड ते सांक्ट गोआर या काठावरच्या गावांमधल्या पर्यटक बोटी मात्र साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच रोज धावतात. म्हणून पैसे भरण्याआधी बोटफेरी नक्की कोणत्या तारखेला आहे, हे लेखी घ्याच.

बोट नसली तरी खोरं हुकत नाही. कोब्लेन्झहून बिंगेनकडे जाणारी पश्चिम काठाची लोकल धरा, डावीकडच्या खिडकीशी बसा. सांक्ट गोआर सुटलं की पैलतीरावर 132 मीटर उंचीचा लोरेलाय कडा येतो. तिथेच बोगदे आहेत, कॅमेरा आधीच तयार ठेवा. साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी दोनच्या आतली गाडी बरी.